सहा वर्षांची दाढ

बालमित्रांनो, आज एक कोडं घालते. एकही दात पडलेला नसताना तोंडात गुपचूप येऊन बसते, आणि नीट सांभाळली तर म्हातारपणापर्यंत साथ देते. सांगा पाहू, अशी पाहुणी कोण?

उत्तर तुमच्या तोंडातच आहे! आरशासमोर उभे राहा आणि मोठ्ठा 'आ' करा. खालच्या जबड्यात अगदी समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजत जा. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि सहावी? रुंद, खडबडीत, खाचाखोचांची. तीच ही पाहुणी. तिचं नाव 'सहा वर्षांची दाढ'. मूल साधारण सहा वर्षांचं झालं, म्हणजे पहिलीत आलं, की ती उगवते. वर दोन आणि खाली दोन, अशा एकूण चार. गंमत म्हणजे तुम्ही दुसरीत असा की दहावीत, मधला एखादा दात पडलेला नसेल तर तिचा नंबर सहावाच!

दुधाची नव्हे, कायमची!

आपल्याला आधी दुधाचे २० दात येतात. ते हळूहळू पडतात आणि त्यांच्या जागी कायमचे येतात. सगळे धरून मोठ्या माणसाचे दात होतात ३२. दुधाचा दात पडला की घरात सगळ्यांना कळतं. कोणी तो कौलावर फेकतं, कोणी उंदराच्या बिळात टाकतं. पण सहा वर्षांची दाढ कोणाला हटवून येत नाही. ती सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे, रिकाम्या जागेत येते. त्यामुळे तिच्या आगमनाची कोणाला खबरच नसते.

घोटाळा होतो तो इथेच. दाढेवर काळा ठिपका दिसला तरी घरची मोठी माणसं म्हणतात, "दुधाची आहे, पडेल आपोआप." पण ती दुधाची नसतेच. ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची कायमची दाढ किडून काढावी लागली, तर पुढचं सगळं आयुष्य त्याने त्या दाढेविना काढायचं. आहे की नाही वाईट गोष्ट?

आणि दुधाचे दात तरी वाऱ्यावर सोडायचे का? छे! दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात. त्या खालच्या कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. रुमाल लवकर उचलला गेला की शेजारचे दात सरकतात आणि नवा दात वाकडातिकडा येतो.

किडा कुठून आला?

"दातात किडा शिरला" असं आपण म्हणतो. तो वळवळणारा किडा नसतो बरं का! आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की उरलेल्या कणांवर त्यांची पंगत बसते. जेवून झालं की ते आम्ल सोडतात आणि त्या आम्लाने दाताचं वरचं पांढरं कवच झिजू लागतं. साधारण अर्धा तास हा हल्ला चालतो. मग आपली लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि झीज थोडी भरूनही देते.

आता विचार करा. एकाने जेवणासोबत दोन चॉकलेटं एकदाच खाल्ली. दुसऱ्याने तीच दोन चॉकलेटं चघळत दुपारभर पुरवली. कोणाच्या दातांवर जास्त हल्ले झाले? दुसऱ्याच्या! म्हणजे किती गोड खाल्लं एवढंच पाहून भागत नाही. किती वेळा खाल्लं, हेही पाहावं लागतं.

दाताचं कवच हा आपल्या शरीरातला सगळ्यात टणक पदार्थ आहे. पण त्याला दुखणं कळत नाही. कीड कवचात असते तोवर दात मुळीच ठणकत नाही. ती आत नसेपर्यंत पोचली की मग रात्रभर झोप नाही. म्हणजे दुखायला लागेपर्यंत थांबणारा माणूस नेहमी उशिराच पोचतो.

आपला गोंदिया तलावांचा जिल्हा. गावच्या बोडीच्या पाळीला उंदराने बीळ पाडलं तर शहाणा शेतकरी काय करतो? दिसताक्षणी घमेलंभर माती टाकून बुजवतो. "पाहू पुढे" म्हणत बसला तर एखाद्या मोठ्या पावसात पाळच फुटते, आणि मग गावभर माणसं लावूनही काम आवरत नाही. दातांचंही तसंच. छोटा खड्डा एका बैठकीत भरता येतो आणि खर्चही थोडाच येतो. तोच नसेपर्यंत गेला की तीन-चार खेपा, रूट कॅनॉल, वर टोपी, आणि खर्च कितीतरी पटीने वाढलेला.

विमा आहे का?

काही आई-बाबा विचारतात, "बाई, दातांचा विमा निघतो का?" विमा म्हणजे काय, ते आधी पाहू. पुष्कळ लोक थोडे थोडे पैसे एका ठिकाणी जमा करतात आणि ज्याच्यावर संकट येईल त्याचा खर्च त्यातून भागवतात. पण आपल्याकडचे बहुतेक आरोग्य विमे रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी असतात. अपघातात जबड्याला इजा झाली तर त्यांचा उपयोग होऊ शकतो. खुर्चीत बसून अर्ध्या तासात दात भरून घरी येणं मात्र त्यांत सहसा बसत नाही. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन दातांचा खर्च देतात. असा विमा घेताना पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. कोणते उपचार धरले आहेत? वर्षाला किती रकमेपर्यंत? पैसे किती महिन्यांनी मिळू लागतात? उत्तरं ऐकून हप्त्याशी ताळा करावा.

पण मुलांसाठी एक सोय आधीपासूनच आहे, आणि तिला हप्ता नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम! हा २०१३ साली सुरू झाला आणि त्याची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. तेच ते, वजन-उंची घेणारं, डोळे तपासणारं! ते दातही पाहतात. दोष आढळला तर पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी देतात आणि तिथला उपचार मोफत असतो.

मग अडतं कुठे? ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी जाऊन बसते! शिक्षिका म्हणून मी हे दर वर्षी पाहते. धान कापणीचे दिवस असतात, आई-बाबा पहाटेच शेतावर जातात, मूल सांगायला विसरतं. दात दुखत नसतो, म्हणून घाई कोणालाच नसते. तर दोस्तांनो, चिठ्ठी मिळाली की त्याच संध्याकाळी आईच्या हातात द्या. हे काम तुमचं!

कुठे जायचं?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात, ते आधी विचारून जावं, म्हणजे खेप वाया जात नाही. गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते. मोठं काम असेल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आहे. ते १९६८ पासून चालू आहे. अशा महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर आपल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. त्यामुळे वेळ थोडा जास्त लागतो, पण पैसे खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी लागतात.

दूरच्या न्यूझीलंड देशाची गोष्ट ऐका. पहिल्या महायुद्धात सैन्यात भरतीला आलेल्या तरुणांचे दात पाहून तिथले अधिकारी हादरले. मग १९२१ पासून त्यांनी खास परिचारिका तयार केल्या आणि शाळांमधून मुलांचे दात सांभाळायला सुरुवात केली. सैनिकाचे दात वाचवायचे तर शाळेतल्या मुलापासूनच सुरुवात करायला हवी, हे त्यांना उमगलं.

मोठ्या मुलांसाठी खास

आपल्या भागात एक शत्रू पानठेल्यावर बसलेला असतो. खर्रा! सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला. "एक चिमूट घे रे, काही होत नाही," असं म्हणणारा मित्र भेटतोच. पण सुपारीने तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड पुरतं उघडेनासं होतं. पुढे कर्करोगाचा धोका असतो. तंबाखू असलेल्या गुडाखूने दात घासणंही तितकंच वाईट. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला आणि १८ वर्षांखालच्या कोणालाही ती द्यायला कायद्याने मनाई आहे. घरातल्या मोठ्यांचा खर्रा आणायला दुकानात जाऊ नका. "मला देता येत नाही म्हणतात," असं खुशाल सांगा!

एवढं लक्षात ठेवा

१. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन-दोन मिनिटं ब्रश करा. रात्रीचा ब्रश मुळीच चुकवू नका.

२. फ्लोराइड असलेली साधी पेस्ट पुरे. वाटाण्याएवढी घ्या. तीन वर्षांखालच्या भावंडाला तांदळाच्या दाण्याएवढीच.

३. राखुंडी आणि कोळसा नको, त्याने कवच घासून जातं.

४. ब्रश सहाव्या नंबरच्या दाढेपर्यंत पोचतो का, ते आरशात पाहा. लहान भावंडांचे दात मोठ्यांनी घासून द्यावेत.

५. दाढेच्या खोल खाचा कीड लागण्याआधी लेप देऊन बुजवता येतात. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

६. गोड खायचंच असेल तर जेवणासोबत खा. मधल्या वेळी बोरं, पेरू, उकडलेले शिंगाडे आहेतच की!

आणि आज रात्री एक काम करा. घरात सहा-सात वर्षांचं भावंड असेल तर उजेडात बसवून त्याचे दात मोजा. सहावी दाढ आली आहे का? तिच्यावर काळा ठिपका आहे का? असेल तर उद्याच आई-बाबांना दाखवा.