‘विक्रान्त’वरील सी हॉक आणि त्याची साडेसहा इंचांची प्रतिकृति

सिन्नरच्या गोंदेश्वराचें शिखर ज्यांनीं निरखून पाहिलें असेल त्यांस प्रतिकृति म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. त्या शिखरावर ओळीओळीनें बसविलेलीं चिमुकलीं शिखरें हीं मोठ्या शिखराचींच रूपें होत. मात्र तेथें शिल्पकारास शोभा साधावयाची होती. विमानाची प्रतिकृति करणारास प्रमाण सोडून चालत नाहीं.

भारतीय नौदलाचें ‘सी हॉक’ हें लढाऊ विमान घ्या. पंख पसरले असतां त्याची रुंदी ३९ फूट. बहात्तरास एक या प्रचलित प्रमाणानें ती बरोबर साडेसहा इंच भरते. त्याच प्रमाणांत ७०० फूट लांबीची ‘विक्रान्त’ नौका करूं म्हटलें तर जवळजवळ पावणेदहा फूट जागा हवी. घरांतील ओसरीच अडावयाची!

प्रतिकृतीची खरी परीक्षा शेपटाकडे होते. तेथें इतर जेट विमानांप्रमाणें टोंकास भोंक पाडलेलें दिसलें, कीं कारागिरानें मूळ विमान पाहिलें नाहीं असें खुशाल समजावें. सी हॉकच्या इंजिनांतील तप्त वायु दुभंगून दोन्ही पंखांच्या मुळाशीं बाहेर पडतो; या युक्तीनें मागच्या धडांत इंधनास जागा मिळाली. शेपटाखालचा आंकडाहि विसरतां कामा नये. नौकेवर उतरतांना तो डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकीं एकांत अडकतो आणि विमान कांहीं क्षणांत थांबतें. दोर हुकला तर वैमानिकास तसेंच पुढें जाऊन पुन्हां उडावें लागतें.

‘विक्रान्त’चें बांधकाम इंग्लंडांत महायुद्ध चालू असतां १९४३ सालीं सुरू झालें आणि युद्ध संपल्यावर अर्धवट राहिलें. १९५७ सालीं भारतानें ती विकत घेतली व ४ मार्च १९६१ रोजीं बेलफास्ट येथें ती नौदलांत दाखल झाली. त्याच वर्षीं मे महिन्यांत लेफ्टनंट ताहिलियानी यांनीं तिच्यावर पहिलें जेट विमान उतरविलें. पुढें हेच नौदलप्रमुख झाले.

१९७१ च्या युद्धापूर्वीं तिच्या चार बाष्पकांपैकीं एकास तडे गेले होते. नौकेचा वेग घटला म्हणजे डेकवर समोरून येणारा वारा घटतो, आणि तो वारा नसेल तर भरलेलें विमान उडविणें कठीण. तिला रणांत धाडावें कीं नाहीं, याविषयीं शंका होती. तरी ती गेली. ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉकांनीं कॉक्स बाजार व चितगांव येथें हल्ले केले.

१९८३ सालीं सी हॅरियर विमानें आलीं आणि सी हॉकांची सेवा संपली. ‘विक्रान्त’ १९९७ सालीं निवृत्त झाली. कांहीं वर्षें ती मुंबईंत संग्रहालय म्हणून उभी होती. पण तिला जतन करण्याची सोय शेवटपर्यंत झाली नाहीं आणि २०१४ सालीं ती मोडीत निघाली. हें दुःखच म्हणावयाचें. सी हॉक मात्र गोव्यांत दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयांत आजहि उभें आहे. प्रतिकृति करणारानें तेथें जाऊन पंखांच्या मुळाशीं असलेलीं तीं दोन तोंडें आधीं पाहून घ्यावीं.