बोलू लागण्याआधी बाळाला उत्तर हवं असतं

बाळाचा पहिला शब्द साधारण वर्षाच्या सुमारास येतो. त्याची तयारी मात्र जन्माआधीच सुरू झालेली असते. गर्भारपणाच्या सहाव्या-सातव्या महिन्यापासून पोटातल्या बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात. म्हणूनच जन्मानंतर दोन-तीन दिवसांतच ते आईचा आवाज ओळखतं.

सुरुवातीला बाळाचा कान परक्या भाषेतले बारीक भेदही टिपतो. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हा फरक कळला, पण वर्षाच्या आसपासच्या बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. मराठी घरात ‘ट’ आणि ‘त’ रोज कानावर पडतात, म्हणून आपल्या बाळांचा हा भेद टिकतो.

पण नुसतं ऐकून भागत नाही. सहा महिन्यांनंतर ‘बाबाबा’, ‘दादादा’ सुरू होतं, तेव्हा बाळाला प्रतिसाद लागतो. मायकेल गोल्डस्टीन यांच्या २००३ सालच्या प्रयोगात काही आया बाळाने आवाज काढला की लगेच हसल्या, जवळ सरकल्या, त्याला स्पर्श केला. दुसऱ्या गटातल्या आयांनीही तेवढंच केलं, पण बाळाच्या आवाजाशी मेळ न ठेवता. पहिल्या गटातल्या बाळांचे आवाज थोड्याच वेळात बोलण्याच्या अधिक जवळ गेले. आपण आवाज केला की समोरचं माणूस आपल्याकडे वळतं, हे कळणं हीच संवादाची सुरुवात.

घरी हे करायला वेगळा वेळ काढावा लागत नाही. मालिश करताना बाळाने ‘आऽऽ’ केलं, की आजी म्हणते, “अगं बाई, असं झालं का? पाय चोळले, बरं वाटलं?” यापुढची पायरी बरेचदा राहून जाते, ती म्हणजे थांबणं. मनात पाच अंक मोजा. बाळाला आवाज जुळवायला तेवढा वेळ लागतो. त्याने हुंकार दिला, पाय झाडले, नुसतं बघितलं, तरी ती त्याची पाळी झाली. मग पुन्हा आपण बोलायचं.

नऊ ते बारा महिन्यांत बाळ बोट दाखवू लागतं. ते ज्याच्याकडे बघतंय त्याचंच नाव घ्या: “कावळा! तारेवर कावळा बसलाय.” त्याच वेळी “इकडे बघ, चेंडू” म्हटलं, तर हाती आलेली संधी जाते. शब्द येऊ लागले की त्यांत थोडी भर घाला. मूल ‘गाडी’ म्हणालं, तर “हो, लाल गाडी गेली.” ‘पोई’ म्हणालं, तर “पोळी हवी? घे पोळी.” ‘नीट म्हण’ असं दटावू नका. काऊ, चिऊ, मम्मम खुशाल म्हणा. लाडिक, लांबवलेल्या सुराकडे बाळाचं लक्ष चटकन जातं. पाठ झालेल्या बडबडगीताचा शेवटचा शब्द सोडून थांबा, तो मूल भरतं. घरात मराठी आणि आजोळी अहिराणी किंवा कोंकणी असली तरी मूल गोंधळत नाही.

मोबाइल मात्र बाळाची पाळी ओळखत नाही. २००३ सालीच पॅट्रिशिया कुह्ल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून बाळं तिचे ध्वनी शिकली. तेच व्हिडिओवर पाहून काहीच शिकली नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलांना, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडून, स्क्रीन नको, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचीही शिफारस आहे.

काही खुणांकडे दुर्लक्ष करू नका. वर्षाचं बाळ बडबडत नाही, बोट दाखवत नाही किंवा टाटा करत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांचं मूल ‘बाबा ये’सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात हरवले, तर डॉक्टरांना दाखवा. “याचा बाबाही उशिराच बोलला होता” म्हणून वाट पाहू नका. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं आणि गरज असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा आणि श्रवण याच विषयांवर काम करते. नवजात बाळाची कानाची प्राथमिक तपासणी झोपेतही होते, दुखत नाही आणि काही मिनिटांत आटोपते. ती पहिल्या महिन्यातच करून घ्या.