सीट उघडल्याशिवाय भाव सांगू नका: बीटल कन्व्हर्टिबलच्या मागच्या सीटचा हिशोब



जुन्या फोक्सवॅगन बीटल कन्व्हर्टिबलची मागची सीट कशी उभी राहते, ते आपण व्हिडिओत बघितलं. पण व्हिडिओत कारागिराचे हात दिसतात, त्याच्या वहीतला हिशोब दिसत नाही. तो इथे मांडतो. तुमचं सीट-कुशनचं दुकान असेल किंवा टाकायचा विचार असेल, तर हे नीट वाचा.

आधी गाडी समजून घेऊ. बीटलचं हे उघडं मॉडेल जर्मनीत ओस्नाब्र्युकला कारमान कंपनीने १९४९ ते १९८० या काळात बनवलं. लांबून ती नेहमीची बीटलच वाटते, पण मागची सीट वेगळी आहे. कापडी हूड दुमडायची लोखंडी यंत्रणा दोन्ही बाजूंनी जागा खाते, त्यामुळे सीट अरुंद होते. साध्या बीटलचं कव्हर तिला बसत नाही. कस्टमर बाहेरून तयार कव्हर मागवणार असेल, तर ऑर्डरवर गाडीचं साल आणि ‘कन्व्हर्टिबल’ हे दोन्ही लिहिलंय का, हे तुम्ही स्वतः बघा. चुकीचं कव्हर आलं तर पैसे त्याचे जातील, पण गाडी महिनाभर तुमच्या दारात अडकून पडेल.

आता मुख्य मुद्दा. कस्टमर गाडी घेऊन येतो, फाटलेलं रेक्झिन दाखवतो आणि विचारतो, “किती घ्याल?” इथेच नव्वद टक्के लोक आकडा बोलून मोकळे होतात (नव्वद हा माझा अंदाज, कुठला सर्व्हे नाही). समजा तुम्ही १४,००० म्हणालात. तुमच्या डोक्यातला हिशोब असा: मटेरियल ६,५००, तीन दिवसांची मजुरी दिवसाला १,५०० प्रमाणे ४,५००, उरले ३,०००. मग सीट उघडली. उघड्या गाडीत हूडच्या शिवणीतून, मागच्या काचेच्या कडेतून वर्षानुवर्षं पाणी उतरलेलं असतं. सहा स्प्रिंगा तुटलेल्या, फ्रेमची कड गंजलेली, आतलं गोणपाट हातात घेताच भुगा. दोन दिवस जादा म्हणजे ३,०००, वेल्डिंगवाल्याचे १,२००. झाले ४,२००. तुमचे ३,००० तर गेलेच, वर खिशातून १,२०० घातलेत. आणि कस्टमरला यातलं काहीच माहीत नाही, त्याला तर वाटतंय तुम्ही चांगले कमावलेत!

म्हणून सीट उघडण्याचे वेगळे पैसे घ्या. हजार-दीड हजार, काम दिलं तर बिलातून वजा. सीट उघडा, प्रत्येक थराचा फोटो काढा, फोटोसकट लेखी क्वोटेशन पाठवा, त्यावर होकार घ्या. ॲडव्हान्स किमान मटेरियलच्या पूर्ण रकमेएवढा हवा, कारण या सीटच्या मापाने कापलेलं रेक्झिन दुसऱ्या कुठल्या सीटला लागत नाही.

होकार घेताना एक प्रश्न विचाराच: “दिसायला नवीन हवी, की मूळ कंपनीसारखी हवी?” ही दोन वेगळी कामं आहेत, भावही वेगळे. मूळसारखी हवी असेल तर रेक्झिनचा पोत, पट्ट्यांची रुंदी, पायपिंगची जाडी, सगळं जुळवावं लागतं. नमुना घेऊन बाजारात दोन चकरा होतात. त्या चकरा मजुरीत धरा.

कामाला हात लावण्याआधी सर्वात महत्त्वाची गोष्ट, आणि ही अनेक गाडीमालकांनाही माहीत नसते. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली, उजव्या बाजूला असते. सीटच्या आत लोखंडी स्प्रिंगा, त्यांच्यावर काथ्याचं किंवा केसांचं कोरडं पॅडिंग. उजवीकडे वजनदार माणूस बसला, स्प्रिंग खाली दबून बॅटरीच्या टोकांना लागली, की ठिणगी पडते आणि पॅडिंग पेट घेतं. म्हणून बॅटरीवर झाकण असतं. जुन्या गाड्यांत ते हरवलेलं असतं, किंवा बदललेली बॅटरी मुळापेक्षा उंच असते. सीट तुम्ही नवी केलीत आणि झाकण नसताना बसवून दिलीत, तर पुढे जे होईल त्यात तुमचं नाव येणारच. क्वोटेशनमध्ये झाकणाची ओळ टाका. कस्टमर नको म्हणाला तरी टाका. झाकणाशिवाय सीट बसवून देऊ नका.

तपासायची सोपी युक्ती सांगतो. बॅटरीच्या वायरी काढून ठेवा, झाकणावर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा, सीट बसवा, दुकानातला सगळ्यात जड माणूस उजवीकडे बसवा. सीट उचला आणि कणीक किती दबली ते बघा. पार चपाती झाली असेल, तर कमी उंचीची बॅटरी लावल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

सीट उचलल्यावर बॅटरीखालचा पत्राही सडलेला दिसू शकतो. तो तुमचा जॉब नाही. फोटो काढा, मालकाला फोन करा, पत्रावाल्याकडे पाठवा. “जाता जाता करून देतो” म्हणू नका.

मटेरियलबद्दल माझं मत स्पष्ट आहे: बंद गाडीत चालेल ते उघड्या गाडीत चालत नाही. बरेच कारागीर जुना काथ्या फेकून जाड फोम भरतात, कारण ते झटपट होतं. फोम स्पंजसारखा पाणी धरतो, आणि स्प्रिंगा त्याला खालून कुरतडतात. रबर लावलेल्या काथ्याचे शीट गादीवाल्यांकडे मिळतात. स्प्रिंगवर गोणपाट, त्यावर काथ्या, वरून हवा तर फोमचा पातळ थर. दोरा पॉलिस्टरचाच, सुती दोरा ऊन-पावसात कुजतो. जुन्या कव्हरची शिवण उसवा, फाडू नका: तेच तुमचं कटिंगचं माप आहे. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर आणि मधली खूण. नवं कव्हर ताणण्याआधी पंधरा मिनिटं उन्हात ठेवा, रेक्झिन नरम पडतं आणि सुरकुत्या कमी येतात.

पाठीला जाड भरण्याचा मोह आवरा. शेवटचे टाके मारण्याआधी पाठ गाडीत लावून हूड पूर्ण उघडून आणि पूर्ण बंद करून बघा. फ्रेम कुठे घासली, तर आत्ता दुरुस्त होईल. नंतर अख्खं कव्हर काढावं लागेल.

खरं सांगायचं तर महिन्याला अशा चार गाड्या तुमच्याकडे येणार नाहीत. रोजची भाकरी रिक्षा, टेम्पो आणि बुलेटच्या सीटवरच आहे. पण ‘आधी उघडा, मग बोला’ ही पद्धत तिथेही तशीच चालते, फक्त रिक्षाच्या सीटला उघडणावळ फार तर शंभर-दोनशे घ्या.

गाडी देताना तुटलेल्या स्प्रिंगा आणि जुनं रेक्झिन पिशवीत भरून मालकाच्या हातात द्या. जुन्या गाडीचे लोक असे तुकडे जपून ठेवतात, आणि बिलातले जादा दोन दिवस कशाचे, हे त्यांना पिशवी उघडल्यावर कळतं.