ई-रीडरच्या पडद्यावरील प्रकाशाची समानता

ई-रीडरच्या पडद्यावरील प्रकाशाची समानता म्हणजे समोरून उजळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कागदाच्या पडद्यावर सर्व ठिकाणी तेज आणि रंगछटा किती सारखी राहते, याचे माप होय. अशा उपकरणांत दिवे पडद्यामागे नसून कडेला असतात व त्यांचा प्रकाश पडद्याच्या पृष्ठभागावर पसरवला जातो. तो सारखा न पसरल्यास कडेला सावल्या, उजळ ठिपके किंवा पिवळसर-निळसर पट्टे दिसतात. काही प्रमाणात ही विषमता प्रत्येक उपकरणात असते. त्यामुळे तंत्रज्ञानाची मर्यादा कोठे संपते व निर्मितीतील दोष कोठे सुरू होतो, हा प्रश्न ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

इलेक्ट्रॉनिक कागद स्वतः प्रकाश देत नाही. त्यातील सूक्ष्म कोषांमध्ये विद्युतभारित काळे व पांढरे कण असतात. विद्युतदाबानुसार ते वर-खाली सरकतात आणि बाहेरचा प्रकाश परावर्तित करून अक्षरे दाखवतात. यामुळे हा पडदा भर उन्हातही स्पष्ट दिसतो, मात्र अंधारात छापील पुस्तकाप्रमाणेच त्यालाही दिव्याची गरज लागते. इ.स. २००४ मध्ये जपानमध्ये आलेला सोनी लिब्रिए आणि इ.स. २००७ मधील पहिला ॲमेझॉन किंडल या दोहोंत दिवा नव्हता.

इ.स. २००८ मध्ये सोनीने पीआरएस-७०० या प्रारूपात पडद्याच्या बाजूंना एलईडी दिवे बसवले. त्यांचा प्रकाश मधल्या भागापर्यंत सारखा पोहोचत नसल्याची टीका झाली व कंपनीच्या पुढील वर्षीच्या प्रारूपांत हे दिवे नव्हते. इ.स. २०१२ मध्ये बार्न्स अँड नोबल कंपनीचा ग्लोलाइट असलेला नूक, कोबो ग्लो आणि किंडल पेपरव्हाइट ही उपकरणे आली व समोरून उजळणारा पडदा रूढ झाला. पहिल्या पेपरव्हाइटमध्ये ४ एलईडी होते. त्याच्या खालच्या कडेला दिसणाऱ्या सावल्यांविषयी ग्राहकांनी तक्रारी केल्यानंतर ॲमेझॉनने विक्रीच्या पानावरच खुलासा दिला. काही प्रकाशस्थितींत खालच्या भागातील उजेड पूर्णपणे समान नसतो आणि हे सामान्य आहे, असा त्याचा आशय होता.

रचना

पडद्यावर एक पातळ, पारदर्शक प्रकाशवाहक थर बसवलेला असतो. त्याच्या एका कडेला, बहुधा खालच्या बाजूला, एलईडींची ओळ असते. कडेतून शिरलेला प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने थराच्या आतच पुढे सरकतो. उदाहरणार्थ, ॲक्रिलिक व हवा यांच्या सीमेवर सुमारे ४२ अंशांपेक्षा अधिक तिरपा येणारा किरण बाहेर न पडता पुन्हा आत वळतो. थराच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म ठिपके किंवा खाचा कोरलेल्या असतात. किरण त्यांवर आदळला की त्याची दिशा बदलते, तो खाली पडद्यावर पडतो आणि तेथून परावर्तित होऊन वाचकाच्या डोळ्यांपर्यंत येतो.

दिव्यांपासून दूर जाताना थरातील प्रकाश कमी होत जातो. म्हणून दिव्यांजवळ खाचा विरळ व दूर दाट ठेवल्या जातात. पडद्याची समानता मुख्यतः या मांडणीच्या अचूकतेवर अवलंबून असते.

विषमतेची कारणे

* एलईडी हा जवळपास बिंदूएवढा प्रकाशस्रोत आहे. त्यातून निघालेले झोत एकमेकांत मिसळण्यास काही अंतर लागते. त्यामुळे दिव्यांच्या कडेला उजळ शंकू व त्यांच्यामध्ये गडद भाग दिसतात. दिव्यांची संख्या वाढवली की हे अंतर कमी होते. इ.स. २०२१ च्या पेपरव्हाइटमध्ये १७ एलईडी आहेत.
* प्रत्येक एलईडीची रंगछटा किंचित वेगळी असते. पांढरे व पिवळसर असे दोन प्रकारचे दिवे एकत्र वापरणाऱ्या उपकरणांत हा फरक अधिक जाणवू शकतो.
* थर चिकटवताना अडकलेला धुळीचा कण किंवा हवेचा बुडबुडा प्रकाश विखुरतो आणि ठळक ठिपक्यासारखा चमकतो.

डोळ्यांना होणारी जाणीव

मोजमापातील फरक आणि डोळ्यांना जाणवणारा फरक एकच नसतो. सावकाश बदलत जाणारे तेज डोळा सहसा दुर्लक्षितो, परंतु स्पष्ट कडा असलेली फिकट सावलीही त्याला चटकन दिसते.

खोलीतील उजेडाचाही मोठा परिणाम होतो. समजा, पडद्याच्या एका टोकाला दिव्यामुळे ५ व दुसऱ्या टोकाला ४ एकक तेज मिळते. अंधारात हा फरक २० टक्के असतो. खोलीतील उजेडाने दोन्हीकडे १०० एककांची भर घातली, तर १०५ व १०४ यांतील फरक जेमतेम १ टक्का उरतो. नागपूरच्या रामदासपेठेत मे महिन्याच्या दुपारी खिडक्या झाकून, कूलर लावून अंधारलेल्या खोलीत वाचताना जी सावली दिसते, ती त्याच उपकरणावर अंगणात दिसत नाही, याचे कारण हेच.

सावलीतील मजकूर बहुधा वाचता येतो. काळा व पांढरा हे दोन्ही भाग त्याच प्रकाशात असल्याने तेज घटले तरी त्यांचे परस्पर प्रमाण जवळपास कायम राहते. मात्र एकूण उजेड फार मंद असल्यास दृष्टीची तीक्ष्णता कमी होते. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके उपलब्ध केली. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार यांसारखी बारीक चिन्हे अर्थ बदलतात. लहान टंकात व मंद उजेडात तीच प्रथम निसटतात. अशा वेळी टंकाचा आकार किंवा प्रकाशाची पातळी वाढवणे उपयुक्त ठरते.

मापन

पडद्यावरील ठरावीक ठिकाणी, सामान्यतः ९ बिंदूंवर, तेज मोजले जाते. सर्वांत कमी तेजाला सर्वांत जास्त तेजाने भागून टक्केवारी काढली जाते. कमाल तेज प्रति चौरस मीटर १०० कँडेला व किमान ८० कँडेला असल्यास समानता ८० टक्के होते. ही पद्धत बिंदूंच्या मधला लहान ठिपका किंवा रंगातील फरक टिपत नाही, त्यामुळे केवळ टक्केवारीवरून पडद्याचा दर्जा पूर्णपणे कळत नाही.

दोषाची ओळख

परीक्षणासाठी अंधाऱ्या खोलीत कोरे पान उघडून मध्यम प्रकाश ठेवला जातो. पान ताजे केल्यावर नाहीसा होणारा डाग हा आधीच्या पानाचा पुसट अवशेष असतो, त्याचा दिव्याशी संबंध नसतो. पाहण्याचा कोन बदलल्यावर कमी होणारी कडेची सावली रचनेतून उद्भवलेली असू शकते. कोणत्याही कोनातून तसाच चमकणारा ठिपका किंवा मजकुराच्या भागात पसरलेला गडद पट्टा मात्र सदोष जोडणीचे लक्षण मानला जातो. कॅमेरा मंद प्रकाशातील फरक वाढवून दाखवू शकतो, म्हणून छायाचित्र हा एकमेव पुरावा ठरत नाही. थर परस्परांना चिकटवलेले असल्याने असा दोष घरी दुरुस्त करता येत नाही आणि पडदा किंवा उपकरण बदलावे लागते. त्यामुळे परत करण्याच्या मुदतीतच हे परीक्षण होणे ग्राहकाच्या हिताचे असते.