जेवताना लेकराशी बोला

शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीच्या पाळीवरून बाबा येतात, तेव्हा लेकरू झोपलेले असते. आई घाईत मोबाईल दाखवून घास भरवते. मग वस्तीत माता-भगिनी आम्हाला विचारतात, "दोन वर्षांचं झालं, बोलत का नाही?"

मोबाईल बोलतो, पण लेकराला उत्तर देत नाही. लेकरू उत्तर मिळाल्यावरच बोलायला शिकते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षांपर्यंत टीव्ही-मोबाईल नकोच.

दिवसातून एकदा तरी सगळ्यांनी एकत्र जेवा. रात्रपाळी असेल तर सकाळची चहा-चपाती चालेल. "भाकरी हवी की दूध?" असे विचारा आणि थांबा. ते "भाकी" म्हणाले, तर हसू नका. "हो, भाकरी घे" म्हणा. "ताईला चमचा दे" असे काम सांगा. तोंडात घास असताना मात्र हसवू नका, ठसका लागतो.

दोन वर्षांनंतरही "आई पाणी" असे दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर अंगणवाडीत सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तिथे मोफत तपासणी करते. आधी कान तपासून घ्या. "बापही उशिराच बोलला" म्हणत वर्ष घालवू नका.