अठ्ठावीस सांधे, दोन अंगठे

अंगठा सांध्यावर ठेवायचा आणि दाबायचा. किती दाबायचा? तपासणाऱ्याच्या स्वतःच्या नखाखालची लाली जाऊन तिथं पांढरं पडेल इतका. त्याहून कमी दाबलं तर आजारी सांधाही गप्प बसतो, जास्त दाबलं तर धडधाकट सांधाही दुखतो. संधिवातावरचं औषध जगात कुठंही तपासलं जात असो, त्याच्या मुळाशी हा दाब असतो. पुण्यातल्या एका संधिवात केंद्रात हे काम मी जवळ बसून पाहिलं, आणि नव्या औषधांच्या बातम्या वाचण्याची माझी नजर बदलली.

आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतलं नाजूक अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा, मग हाड पोखरू लागतं. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार दोन ते तीन पट जास्त. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, वेणी घालता येत नाही, कुकरचं झाकण लागत नाही. आता या आजारावर नवं औषध आलं, तर ते लागू पडलं हे ठरवायचं कसं? रक्ततपासणीत दाहाचा अंदाज देणारा ईएसआर साध्या तापानंही वाढतो. एक्स-रेमध्ये हाडाची झीज दिसते, पण तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. आज, या घडीला, आजार किती पेटलेला आहे हे कळायला सांध्याला हात लावावाच लागतो.

तो हात लावणाऱ्या ताई मूळच्या फिजिओथेरपिस्ट. संशोधनातल्या त्यांच्या कामाला ‘जॉइंट असेसर’ म्हणतात. त्यांच्या खोलीत तपासणीचा पलंग, दोन खुर्च्या आणि कागदावर छापलेली माणसाची आकृती, इतकंच. रुग्णाची फाइल तिथं येत नाही. कोण नव्या औषधावर आहे, कोण तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळीवर (प्लासिबोवर), हे ताईंना ठाऊक नसतं आणि ठाऊक होऊ द्यायचंही नसतं. मागच्या भेटीचे आकडेही त्यांना दाखवत नाहीत. मागच्या वेळी नऊ सांधे दुखत होते हे डोक्यात असलं, की या वेळी आठ शोधायला बोटं आपोआप वळतात.

पन्नाशीच्या एक काकू आत आल्या आणि बसता बसता म्हणाल्या, “ताई, या गोळीनं दोन दिवस नुसतं मळमळतंय बघा.”

“काकू, गोळीचं माझ्याशी काही बोलायचं नाही. ते सगळं डॉक्टरांना सांगा, ते लिहून घेतील. मला फक्त सांधे दाखवा.”

ऐकायला हे कोरडं वाटतं. पण मळमळ कळली, की ही बाई खऱ्या औषधावर असणार असा अंदाज मनात येतो, आणि अंदाज आला की अंगठ्याचा दाब बदलतो. म्हणून ताईंनी हे कान बंद ठेवणं कामाचा भाग मानलंय. काकूंची मळमळ दुर्लक्षित राहत नाही, ती दुसऱ्या खोलीत दुसरं माणूस ऐकतं.

मग मोजणी सुरू झाली. क्रम ठरलेला: खांदे, कोपरं, मनगटं, बोटांच्या मुळाचे दहा सांधे, बोटांचे पुढचे दहा सांधे आणि शेवटी गुडघे. दोन, दोन, दोन, दहा, दहा, दोन. एकूण अठ्ठावीस. प्रत्येक सांध्याला दोन वेगळे प्रश्न विचारायचे: दाबल्यावर दुखतो का, आणि सुजलाय का? दुखणं रुग्णानं सांगायचं, सूज तपासणाऱ्याच्या बोटांनी ओळखायची. दोन्हींची नोंद वेगळी, कारण दुखणारा प्रत्येक सांधा सुजलेला नसतो आणि सुजलेला प्रत्येक सांधा दुखतोच असं नाही.

बोटांच्या मुळाशी ताई काय करतात ते पाहण्यासारखं होतं. काकूंचा हात त्यांनी आपल्या तळव्यांवर सैल टेकवून घेतला, बोटं थोडी वाकवली आणि उंचवट्याच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीत दोन अंगठे बसवले. निरोगी हातात दोन उंचवट्यांच्या मधे खळगा असतो. सूज आली की तो भरून निघतो. पुढच्या लहान सांध्यांवर त्यांनी चार बोटं वापरली. एका हाताच्या चिमटीनं सांधा दोन्ही बाजूंनी धरला, दुसऱ्या हाताची चिमटी वरखाली ठेवली. बाजूनं दाबलं की आतलं पाणी सरकतं आणि वरच्या बोटाला हलकेच उचलल्यासारखं होतं. अस्तराची सूज हाताला मळलेल्या कणकेसारखी मऊ लागते. वयानं झिजलेल्या सांध्याची गाठ मात्र टणक, हाडाची. ती कितीही मोठी दिसली तरी सुजेच्या रकान्यात जात नाही. हा फरक फोटोत दिसत नाही. तो बोटांना शिकावा लागतो, आणि म्हणूनच अभ्यास सुरू होण्याआधी असेसरांना एकत्र बसवतात, तेच रुग्ण सगळ्यांकडून तपासून घेतात आणि कुणाची मोजणी कुठं हलते ते पाहतात. शक्य तोवर एका रुग्णाला शेवटपर्यंत एकच असेसर देतात. तपासणीची वेळही साधारण तीच ठेवतात, कारण सकाळचे आखडलेले सांधे दुपारी सैलावतात.

दाबताना ताईंची नजर हातावर नव्हती, काकूंच्या चेहऱ्यावर होती. उजव्या मनगटावर काकूंच्या भुवया आक्रसल्या, पण तोंडानं त्या म्हणाल्या, “नाही, एवढं काही नाही. सवय झालीय आता.”

“सवयीचं नका सांगू, काकू. आत्ता दाबलं तेव्हा दुखलं का?”

“दुखलं.”

मनगटापुढं खूण झाली. आपल्याकडच्या बायका दुखणं कमी करून सांगतात, घरात आणि दवाखान्यातही. त्या ‘दुखलं’पर्यंत पोहोचण्याची चिकाटी कुठल्याच मशीनमध्ये नाही.

शेवटी काकूंच्या हातात दहा सेंटिमीटरची एक रेघ दिली. एका टोकाला ‘एकदम बरं’, दुसऱ्या टोकाला ‘अत्यंत वाईट’. आजाराचा आज एकंदर किती त्रास आहे, तिथं त्यांनी स्वतः फुली मारायची. सोबत आलेल्या त्यांच्या मुलीनंही मधे बोलायचं नाही.

दुखरे सांधे, सुजलेले सांधे, ईएसआर आणि ही फुली, या चार गोष्टी एका सूत्रात घालून ‘डीएएस-२८’ हा आकडा निघतो. त्याचा मूळ निर्देशांक १९९० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या संशोधकांनी बांधला, अठ्ठावीस सांध्यांचं रूप १९९५ मध्ये आलं. सूत्रात सांध्यांच्या संख्येचं वर्गमूळ घेतात, कारण चार सांध्यांवरून एकावर येणं रुग्णासाठी जितकं मोठं, तितकं तेवीसवरून वीसवर येणं नसतं. समजा नऊ सांधे दुखतात, चार सुजलेत, ईएसआर ४० आहे आणि फुली रेघेच्या मध्यावर आहे. आकडा येतो ५.५. ५.१ च्या वर म्हणजे आजार भडकलेला, ३.२ पर्यंत म्हणजे बराचसा आटोक्यात, २.६ च्या खाली म्हणजे जवळपास शांत. औषध कंपन्यांच्या मोठ्या चाचण्यांत मोजणी आणखी लांबते: ६८ सांधे दुखण्यासाठी आणि ६६ सुजेसाठी. दोनचा फरक खुब्यांचा. खुबा इतका खोल असतो की त्याची सूज बोटांना लागत नाही.

अंगठ्यांची गरज किती खरी आहे हे टोसिलिझुमॅब या औषधानं दाखवून दिलं. ते इंटरल्यूकिन-६ नावाच्या रेणूचं काम अडवतं. यकृत सीआरपीसारखी प्रथिनं बनवतं ते याच रेणूच्या सांगण्यावरून. त्यामुळं हे औषध दिलं की ईएसआर आणि सीआरपी झपाट्यानं उतरतात, सांधे तेवढे सुधारले नसले तरी. आकडा मात्र देखणा दिसतो. म्हणून अशा औषधांचं मोजमाप करताना व्हिएन्नात तयार झालेल्या सीडीएआय या निर्देशांकाचा आधार घेतात. त्यात रक्ताचा रिपोर्ट धरतच नाहीत. दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रुग्णाचं मत आणि डॉक्टरचं मत, यांची साधी बेरीज.

आणि आता या लेखाच्या गाभ्याची गोष्ट. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ग्लासगोचा ‘टिकोरा’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आमवाताच्या ११० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखं दर तीन महिन्यांनी बोलावलं आणि डॉक्टर आपल्या अंदाजानं औषध देत राहिले. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावलं, दर वेळी सांधे मोजले, निर्देशांक काढला आणि तो ठरवलेल्या रेषेच्या वर असला तर औषध वाढवलंच. सुजलेल्या सांध्यात इंजेक्शनही दिलं. औषधं दोन्हीकडं जुनीच, स्वस्तातली. अंतिम मोजणी करणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे ते माहीत नव्हतं. दीड वर्षानं नेहमीच्या गटातल्या १६ टक्के रुग्णांचा आजार शांत झाला होता, मोजणीच्या गटातल्या ६५ टक्के रुग्णांचा. एकंदर खर्चही वाढला नाही. नवा रेणू शोधला नव्हता. सांधे मोजले आणि आकड्याचं ऐकलं, इतकंच. मोजणी औषधाची परीक्षा घेते हे मला माहीत होतं. ती स्वतःच उपचाराचा भाग असते हे या अभ्यासानं शिकवलं.

ताज्या संशोधनातही हात सुटलेला नाही. २०२४ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधला ‘अपिप्रा’ अभ्यास आला. रक्तात आमवाताच्या अँटिबॉडी आहेत, सांधे दुखतात, पण सूज अजून नाही, अशा २१३ जणांना वर्षभर अबॅटासेप्ट किंवा प्लासिबोची इंजेक्शनं दिली. आजार सुरू झाला हे ठरवलं कसं? तपासणीत सांध्याला सूज लागली आणि सोनोग्राफीत ती पक्की झाली तर. वर्षअखेरीस औषधाच्या गटात ६ टक्क्यांना आजार सुरू झाला होता, प्लासिबो गटात २९ टक्क्यांना. औषध थांबवल्यावर अंतर घटलं. दोन वर्षांनी ते २५ आणि ३७ टक्के होतं. आजार टळला असं म्हणता येत नाही, पण पुढं ढकलता येतो हे दिसलं. त्याच वर्षी जर्मनीतल्या एर्लांगेनच्या डॉक्टरांनी, प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या इतर आजारांच्या १५ रुग्णांचे निकाल मांडले: आठ ल्युपसचे, तीन स्नायूदाहाचे, चार सिस्टेमिक स्क्लेरोसिसचे. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना बी-पेशी ओळखून नष्ट करायला शिकवून परत सोडलं. ल्युपसच्या आठही जणांचा आजार शांत झाला आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबवता आली. संख्या लहान आहे, मोठ्या चाचण्या व्हायच्या आहेत. पण इतक्या प्रगत उपचारांच्या काळातही स्क्लेरोसिसच्या रुग्णाची त्वचा किती घट्ट झाली हे मोजण्याची रूढ पद्धत काय? शरीरावर १७ ठिकाणी ती चिमटीत धरायची आणि प्रत्येक ठिकाणी शून्य ते तीन गुण द्यायचे.

आपल्याकडच्या प्रश्नांची उत्तरंही अशाच तपासणीतून मिळतात. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं मुख्य औषध, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. त्यासोबत फॉलिक ॲसिड किती द्यायचं, हा रोजच्या दवाखान्यातला प्रश्न. चंदीगडच्या पीजीआयनं शंभर रुग्णांवर तो तपासला आणि आठवड्याला १० मिलिग्रॅम व ३० मिलिग्रॅम यांत २४ आठवड्यांनी फरक आढळला नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. गावातल्याच स्वयंसेवकांनी माणसाच्या आकृतीवर दुखरी जागा खुणावून घेतली, मग डॉक्टरांनी तपासलं. दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला आमवात निघाला. आज महाराष्ट्रात किती घरांत हा आजार असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. अठ्ठावीस सांध्यांत पावलं धरलेली नाहीत, आणि आमवात अनेकदा पायाच्या बोटांपासूनच सुरू होतो. थकवा मोजला जात नाही. ज्यांना अंगभर दुखण्याचा वेगळा त्रास आहे, त्यांचे दुखरे सांधे वाढलेले दिसतात. ताई म्हणूनच अभ्यासाचा फॉर्म संपल्यावरही चपला काढायला सांगतात आणि पाय पाहून डॉक्टरांना कळवतात.

मला खटकतं ते वेगळंच. चाचणीत सामील झालेल्या रुग्णाचे सांधे दर भेटीला मोजले जातात. चाचणीबाहेरच्या कितीतरी रुग्णांच्या हातांना वर्षानुवर्षं कुणी नीट हात लावत नाही. रिपोर्ट पाहिला, गोळी लिहिली, पुढचा नंबर. ओपीडीतली गर्दी खरी आहे, डॉक्टर कमी आहेत हेही खरं. पण सराव असलेल्या हाताला अठ्ठावीस सांधे मोजायला काही मिनिटं पुरतात, आणि ते प्रशिक्षित नर्स किंवा फिजिओथेरपिस्टही करू शकतात. संशोधनाचा हा भाग आपल्या दवाखान्यात आणायला नवं यंत्र लागत नाही की परदेशी परवाना. प्रत्येक संधिवात ओपीडीत मोजणारं एक माणूस नेमलं पाहिजे. आणि घरात कुणाला आमवात असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: आज किती सांधे सुजलेत, आणि मागच्या वेळी किती होते? उत्तर वहीत तारखेसह लिहून ठेवा. आकडा उतरत नसेल, तर औषध बदलण्याची चर्चा त्याच भेटीत झाली पाहिजे.