दुसऱ्या पसंतीचे मोल

सप्टेंबर 2024 मध्ये श्रीलंकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आम्ही शिरूर-दौंडकडील कामगार मंडळी बारकाईने पाहत होतो. रांजणगावची पाळी सुटली की चहावर हाच विषय. प्रश्न एकच : निम्म्याहून अधिक मते कुणालाच पडली नाहीत, तर काय?

तिथे मतदार तीन पसंती लिहू शकतो. बहुमत कुणालाच नसेल, तर पहिले दोघे वगळून बाकी सारे उमेदवार एकदम बाद होतात. त्यांच्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी ज्याची पुढची पसंती आढळेल, त्याच्या पारड्यात ते मत पडते. 21 सप्टेंबरला अनुरा कुमारा दिसानायके यांना सुमारे 42, तर सजिथ प्रेमदासा यांना सुमारे 33 टक्के मते पडली. आणि त्या देशात प्रथमच दुसरी मोजणी झाली. बाद उमेदवारांची मते 33 लाखांवर होती. त्यांतून दोघांच्या वाट्याला मिळून पावणेतीन लाखही आली नाहीत. दिसानायके निवडून आले, पण एकूण मतांच्या निम्म्याखालीच राहिले.

आपल्याकडे 1969 साली कामगार पुढारी व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले, ते दुसऱ्या पसंतीच्या बळावर. तिथे मतदार होते आमदार-खासदार. त्यांना आकड्यांची किंमत ठाऊक!

संघटनेत तीन गट पडले, की शंभरांत चाळीस मतांचा मनुष्य कार्यवाह होतो आणि साठ जण वर्गणी थांबवतात, हे आम्ही अनुभवले आहे. आपला माणूस पडल्यास दुसरा कोण चालेल, हे सांगणे फितुरी नव्हे. ते न सांगणाऱ्याचा निवाडा इतरच करतात.